सेटी माहेरी जाते

तळेसावंगीत नवी सेटी पहिल्या आषाढात माहेरी जाते. आष्टीकरांची सेटी निघायला आठवडा उरला होता आणि तिच्या अंगावर मांजराच्या नखांच्या रेघा होत्या.

तळेसावंगीचे सुतार लाकडी सामान विकत नाहीत. ते देतात. आधी घर बघतात, माणसं कशी आहेत ते दोन-चार ठिकाणी विचारतात, बसणारा धाडकन बसतो की बेताने याची चौकशी करतात, आणि मगच होकार कळवतात. दिल्यानंतरही पहिलं वर्ष त्यांचं लक्ष असतं. खुर्ची सुखात आहे का, कपाटाला ओल तर लागत नाही ना, हे कुणाकुणाच्या तोंडून त्यांच्या कानावर जातं. बाहेरगावचे लोक याला हसतात. हसोत बापडे. त्यांच्याकडचं सामान दोन वर्षांत कुरकुरायला का लागतं, हे त्यांनी एकदा स्वतःला विचारावं.

प्रमिलाबाई आणि रमाकांतराव आष्टीकर यांना मूलबाळ नव्हतं. रमाकांतराव एसटी स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी घरात ते तसेच बोलत. "प्रमिलाबाईंनी लक्ष द्यावं, चहा अजून फलाटावर लागलेला नाही," असं. मूल नाही म्हटल्यावर सून कुठून येणार? त्यामुळे घरात जे लाकडी सामान आलं ते सून म्हणूनच आलं, आणि प्रमिलाबाईंनी ते सुनेसारखंच वागवलं.

पहिली आली होती आरामखुर्ची. ती नांदली नाही. दोष तिचा नव्हता. रमाकांतराव रोज संध्याकाळी चहाचा गरम पेला तिच्या हातावर ठेवायचे, त्याचे पांढरे गोल वळ उठले. खालच्या आळीतले तिचे माहेरचे आले, वळांवरून बोट फिरवलं, आणि चहासुद्धा न घेता तिला हातगाडीवर घालून घेऊन गेले. सगळी गल्ली बघायला बाहेर आली होती. समोरच्या नलूवहिनींनी तर बघता यावं म्हणून पोरांना बाजूला सारलं. त्या दिवसापासून प्रमिलाबाईंनी कानाला खडा लावला. कारण गावचा रिवाज स्पष्ट होता. एक परत गेली तर लोक नशीब म्हणतात. दुसरी परत गेली, की त्या घराला पुढे कुणी पोळपाटसुद्धा देत नाही.

सेटी माघात आली. अस्सल सागवानी, दिवसा बसायला, दुपारी लवंडायला, आणि खाली झाकणाची पेटी, गोधड्या ठेवायला. रंगनाथ मिस्त्रींच्या हातची. हमालांनी तिला उंबऱ्यात तिरकी केली आणि तिने पुढच्या पायाने तांदळाचं माप ओलांडलं. माप आत सांडलं तेव्हा प्रमिलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांत त्या घरात माप ओलांडून आलेलं आरामखुर्चीनंतर हे दुसरंच कुणीतरी होतं.

आता मांजराचं. त्याचं नाव रावसाहेब. डेपोच्या कँटीनमध्ये ते लहानाचं मोठं झालं आणि रमाकांतराव निवृत्त झाले त्या दिवशी सत्काराच्या शालीत गुंडाळून त्यांनी ते घरी आणलं. अंगाने थोराड, स्वभावाने ऐदी, म्हणून बोका. यापलीकडे कुणी तपास केला नव्हता. घरात दोघंही त्यांना अहोजाहो करत.

रावसाहेबांना सेटी पहिल्या दिवसापासून पसंत पडली. प्रमिलाबाई मात्र त्या दिवसापासून एका जागी बसल्या नाहीत. सकाळी उठल्या की भांड्यांचा रबरी हातमोजा ओला करायचा आणि गादीवरून फिरवायचा, केस गोळा होऊन यायचे. मग हाताला उलटी चिकटपट्टी गुंडाळून उरलेले टिपायचे. मग पंखा पाचवर, म्हणजे जे काही राहिलं ते उडून जावं. तेवढ्यात रावसाहेब यायचे, सेटीवर दोन फेऱ्या मारून गोल बसायचे, आणि सगळं पहिल्यापासून. मांजराला लिंबाचा वास सोसत नाही असं कुणी सांगितलं म्हणून त्यांनी सेटीच्या कडेने साली मांडल्या. रावसाहेबांनी एक साल पंजाने हळूच बाजूला केली आणि त्या जागेवर बसले. रमाकांतरावांनी काथ्या गुंडाळून नखं घासायला खुंट करून दिला. रावसाहेब खुंटावर नखं परजून घेत आणि मग सेटीकडे वळत. एकदा तर त्यांनी सेटीच्या मागच्या पायापाशी नको ते केलं. प्रमिलाबाईंनी तिथे खायचा सोडा चोळला, ऊन दाखवलं, आणि दिवसभर सेटीची नजर चुकवत घरात वावरल्या.

"किती फिराल घरातल्या घरात?" रमाकांतराव म्हणाले. "बसा की जरा."

"कुठे बसू? ती बघते माझ्याकडे."

रमाकांतरावांनी सेटीकडे बघितलं. त्यांनाही ते पटलं.

ज्येष्ठ सरला आणि प्रमिलाबाईंच्या जिवाला घोर लागला. रेघा नेमक्या समोरच्या फळीवर होत्या, दारातून आत येणाऱ्याला पहिल्यांदा दिसतील अशा. त्यांनी अक्रोडाचा गर घासला. रेघा बुजल्या आणि संध्याकाळी पुन्हा वर आल्या. कॉफीची पूड तेलात कालवून भरली. रावसाहेबांनी ती चाटली आणि शेजारी दोन नव्या रेघा ओढल्या. जेवताना घास हातातच राहायचा. दारात कुणाची चप्पल वाजली की त्या फळीसमोर जाऊन उभ्या राहायच्या.

शेवटी एका दुपारी त्यांनी हातमोजा जमिनीवर टाकला.

"एक तर ती राहील, नाहीतर हे. माझ्या धाकट्या बहिणीकडे सोडून या यांना."

"तिच्याकडे यांचं कसं होईल?"

"छान होईल. तिच्याकडे सगळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. प्लास्टिकला माहेर नसतं. किती ओरबाडायचं ते ओरबाडू दे."

 रमाकांतराव घसा साफ करून म्हणाले, "प्रवाशांना सूचना. रावसाहेब ज्या गाडीने जातील, त्याच गाडीने आणखी एक प्रवासी जाईल."

"जा," प्रमिलाबाई म्हणाल्या. "निदान चहाचे पेले तरी कमी होतील."

हे बोलल्यावर त्यांना वाईट वाटलं. पण शब्द मागे घ्यायला त्या थांबल्या नाहीत, त्यांना फळीवर पुन्हा अक्रोड घासायचा होता. रमाकांतरावांनी कोपऱ्यात झोपलेल्या रावसाहेबांच्या पाठीवरून हात फिरवला. रावसाहेब हल्ली फार फुगले होते. रमाकांतराव आपल्या वाटणीची साय त्यांना घालत, तिचाच हा परिणाम असं दोघांचंही मत होतं.

ठरल्या दिवशी सेटीला न्यायला मुऱ्हाळी आला. मुऱ्हाळी म्हणून मिस्त्रींनी टेबल पाठवलं होतं. त्याच झाडाचं, त्याच ओंडक्याचं, म्हणजे सेटीचा सख्खा भाऊ. सोबत टेंपो आणि स्वतः रंगनाथ मिस्त्री. टेबलाला ओसरीवर उभं केलं, प्रमिलाबाईंनी त्याच्यावर चहाचा कप ठेवला, खाली बशी द्यायला विसरल्या नाहीत. टेबल स्वभावाने अबोल होतं. त्याचा चहा निवला तो रमाकांतरावांनी घेतला.

सकाळपासून रावसाहेबांचा पत्ता नव्हता. त्यांना घेऊन जायला पिशवी तयार होती, रमाकांतरावांची स्वतःची पिशवीही तयार होती, पण रावसाहेबच नव्हते. प्रमिलाबाईंना शोधायला उसंत नव्हती. सेटी माहेरी जाताना आतल्या गोधड्या काढून पेटीत एक जुनं मऊ लुगडं अंथरायचं असतं. ते त्यांनी पहाटेच अंथरलं होतं आणि आत हवा खेळावी म्हणून झाकणाला उलथनं लावून ठेवलं होतं. समोरच्या फळीवर त्यांनी पैठणीच्या काठाचं कव्हर सोडलं, चांगलं जमिनीपर्यंत.

"कव्हर फार लांब शिवलंत, विहीणबाई," रंगनाथ मिस्त्री म्हणाले.

"पदर आहे तो," प्रमिलाबाई म्हणाल्या. "मोठ्यांसमोर असावा."

मिस्त्रींना ते बोलणं आवडलं. त्यांनी पदराला हात लावला नाही.

मग ओटी भरायची वेळ आली. तळेसावंगीत सेटीची ओटी भरताना पेटीत बघायचं नसतं. तोंड दुसरीकडे करायचं, झाकणाच्या फटीतून हात आत घालायचा आणि नारळ, खण, तांदूळ ठेवायचे. प्रमिलाबाईंनी तोंड भिंतीकडे केलं. खण ठेवताना हाताला काहीतरी मऊ आणि गरम लागलं. माहेरी जायच्या आनंदाने पोरीचं अंग तापलं असेल, असं त्यांना वाटलं आणि हात थोडा वेळ तिथेच राहिला. मग त्यांनी उलथनं काढलं, झाकण मिटलं. टेंपो गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला तोवर त्या दारात उभ्या होत्या. समोरच्या दारात नलूवहिनी उभ्या होत्या.

"गेली वाटतं," नलूवहिनी म्हणाल्या. "येईल ना परत?"

"येईल की," प्रमिलाबाई म्हणाल्या आणि लगबगीने आत गेल्या.

घरात सेटीच्या जागी फरशीचा एक चौकोन उरला, बाकीच्या फरशीपेक्षा उजळ. रमाकांतराव दुधाची वाटी चमच्याने वाजवत सगळ्या गल्लीत फिरून आले. "रावसाहेब, जिथे असाल तिथून घरी यावं," असं त्यांनी मारुतीच्या पारावर उभं राहून खणखणीत आवाजात दोनदा पुकारलं. रावसाहेब आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. पिशवीतले कपडे रमाकांतरावांनी पुन्हा खुंटीला लावले. जायचं कुणासोबत, हा प्रश्नच उरला नव्हता.

प्रमिलाबाईंना वाटलं होतं, आता तरी बूड टेकता येईल. केस नाहीत, रेघा नाहीत, पंखा बंद. पण त्या उजळ चौकोनाभोवती फिरत राहिल्या. स्वयंपाकघरातून बाहेर, बाहेरून आत. ओला हातमोजा हातात घ्यायच्या आणि काय पुसायचं ते न कळून ठेवून द्यायच्या. पदराला रावसाहेबांचा एक केस चिकटलेला दिसला. तो त्यांनी टिपला नाही. मांजर गेलं म्हणून त्यांना रडू आलं, आणि मांजराने जे करून ठेवलंय ते आता कव्हराखालून कधीही बाहेर येईल म्हणूनही आलं. दोन्ही रडणी एकातच झाली.

मिस्त्रींचा निरोप टेंपोवाल्याने आणला. दोघांनी ताबडतोब यावं, एवढाच.

"काही म्हणाले का?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"मिस्त्रींच्या अनसूयाबाईंनी कव्हर काढलं म्हणे," टेंपोवाला म्हणाला.

रस्ताभर प्रमिलाबाई पुढे आणि रमाकांतराव मागे. त्या काय बोलायचं ते मनाशी जुळवत होत्या आणि प्रत्येक वळणावर ते विसरत होत्या. हातगाडीवरची आरामखुर्ची त्यांना सारखी दिसत होती. या वेळी तर हातगाडीही नसेल. सेटी तिथेच राहील आणि आपण मोकळ्या हातांनी गल्लीत शिरू. नलूवहिनी काही विचारणार नाहीत. ते जास्त वाईट.

मिस्त्रींच्या कारखान्यात बैठक मांडलेली होती. मधोमध सेटी, कव्हराशिवाय, रेघा उघड्या. तिच्या शेजारी तिचा भाऊ. भिंतीला टेकून दोन जुनी कपाटं, मिस्त्रींच्या वडिलांच्या हातची, अशा प्रसंगी ती बसतातच. रंगनाथ मिस्त्री एका बाजूला, त्यांच्या पत्नी अनसूयाबाई दुसऱ्या बाजूला. अनसूयाबाईंचा चेहरा गंभीर होता.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "तुम्ही आम्हांला सांगितलं का नाही?"

प्रमिलाबाई उभ्याच राहिल्या. जुळवलेलं सगळं निघून गेलं. "चुकलं माझं. लपवलं मी. अक्रोड घासला, कॉफी भरली, पदर म्हणून कव्हर सोडलं. माघापासून मी बसलेले नाही हो, अनसूयाबाई. डोळ्यांत तेल घालून राखलं तिला, तरी रेघा पडल्या. पण तिला ठेवून घेऊ नका. आमच्या घरात दुसरं कुणी येणार नाही आता."

कपाटांपैकी एकाचं दार आपोआप थोडं उघडलं. ते जुन्या बिजागऱ्यांमुळे व्हायचं.

"रेघांचं काय घेऊन बसलात?" अनसूयाबाई म्हणाल्या. "पहिलटकरणीला रेघा पडायच्याच. मी विचारते ते दिवसांचं. एवढे दिवस भरलेली पोर तुम्ही टेंपोत घातलीत? खड्डे काय कमी आहेत का या रस्त्याला?"

प्रमिलाबाईंनी रमाकांतरावांकडे बघितलं. रमाकांतरावांनी कपाटांकडे बघितलं.

अनसूयाबाईंनी सेटीचं झाकण उचललं. आत लुगड्यावर, नारळाला बिलगून, तीन लेकरं होती. दोन काळपट, एक पिवळसर तपकिरी. डोळे अजून मिटलेले. त्यांच्या भोवती अंगाचं वेटोळं करून रावसाहेब पडले होते आणि लेकरं त्यांना लुचत होती.

"आल्या रात्रीच करकरायला लागली," अनसूयाबाई सांगत होत्या. "मी ओळखलं. ह्यांना म्हटलं, ही साधी करकर नव्हे. पहाटेला मोकळी झाली. माघात दिलेली, आषाढात बाळंत, सागाला जरा लवकरच झालं. पण लेकरं धडधाकट आहेत."

"हे बघा," रंगनाथ मिस्त्री वाकून त्या तपकिरीकडे बोट दाखवत म्हणाले. "रंग बघा ह्याचा. आईवर गेलंय."

"आणि एक मात्र तुम्ही शोभेसं केलंत," अनसूयाबाईंचा आवाज निवळला. "सोबत दूध पाजायला माणूस दिलंत. आमच्या सेटीला पान्हा कुठला फुटणार? एवढा विचार कुणी सासरचं करत नाही."

"पण रावसाहेब तर बोका आहेत," रमाकांतराव म्हणाले.

"बोका असून एवढं करतात," अनसूयाबाई म्हणाल्या. "घराण्याचे संस्कार, दुसरं काय."

 प्रमिलाबाई खाली वाकल्या. रावसाहेबांनी एक डोळा उघडून त्यांच्याकडे बघितलं आणि मिटला. प्रमिलाबाईंना पुष्कळ काही विचारावंसं वाटलं, पण ज्या बाईला नुकतंच आजी झाल्याचं कळलंय तिने अशा वेळी चौकशा करत बसू नये, हे त्यांना कुणी न सांगता समजलं. त्यांनी सेटीच्या समोरच्या फळीवर, रेघांवर, तळहात टेकवला.

"नुसता हात काय टेकवताय?" अनसूयाबाई म्हणाल्या. "तेल लावा. बाळंतिणीला तेल लागतं."

प्रमिलाबाई मिस्त्रींच्या भुशाने भरलेल्या जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि त्यांनी सेटीला जवसाचं तेल लावलं. माघापासून त्या पहिल्यांदाच बसल्या होत्या.

पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, म्हणून सेटी सवा महिना तिथेच राहिली. तोवर तिच्यावर कुणी बसलं नाही. आष्टीकरांकडून बाळंतविडा गेला, त्यात मऊ कापड, शेपा, आणि डिंकाचे लाडू. लाडू अनसूयाबाईंनी खाल्ले. बारशाला रमाकांतरावांनी नावं पुकारली. काळपट दोघींची शिसवी आणि बाभळी, आणि आईवर गेलेल्याचं सागर. त्यांचा आवाज मध्येच बसला. गाड्या पुकारताना तो कधी बसला नव्हता.

घरी पाठवताना अनसूयाबाईंनी दोनच गोष्टी सांगितल्या. कव्हर घालायचं नाही, लेकरांना आईचं अंग लागलं पाहिजे. आणि लेकरं आईच्या अंगावर खेळताना रागवायचं नाही.

नलूवहिनी बाळंतीण बघायला आल्या तेव्हा भाद्रपदाचं ऊन तापलं होतं. सेटी आपल्या जागी होती. समोरच्या फळीवर शिसवी नखं घासत होती, गादीच्या टोकाला सागर दात लावत होता, बाभळी आणि रावसाहेब मध्ये पसरले होते. सगळीकडे केस. सेटीवर, उशांवर, फरशीवर, पडद्यावर. प्रमिलाबाई दाराशी उभ्या होत्या, खिडकीशी गेल्या, परत दाराशी आल्या.

"बसा की, वहिनी," त्या म्हणाल्या. "पण तिच्यावर नको, हं. अजून ओली बाळंतीण आहे."

"हो हो," नलूवहिनी म्हणाल्या आणि खाली बसता बसता त्यांनी सवयीने सेटीच्या कडेचा एक लांब केस दोन बोटांत उचलला.

"अहो, नका," प्रमिलाबाई झटकन पुढे आल्या. "ते जावळ आहे."

नलूवहिनींचा हात तिथेच थांबला.

"मुहूर्ताआधी हात लावायचा नाही. मी तर केरसुणीसुद्धा या खोलीत आणू देत नाही. वैशाखात काढायचंय, मामाच्या मांडीवर बसवून. मामा येणार आहे त्याच टेंपोने." त्यांची नजर वर फिरणाऱ्या पंख्याकडे गेली, मग खाली. खिडकीतून वारा आला होता आणि सागरचे दोन केस पात्यांच्या वाऱ्यात फरशीवरून दाराकडे निघाले होते. त्यांनी आधी दार लोटलं.

नलूवहिनींनी केस जिथून उचलला होता तिथे परत ठेवला, नीट, आडवा. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. प्रमिलाबाईंनी खिडकी लावली आणि पंखा बंद केला.